परक्या मैदानावर

फुटबॉलच्या खेळांत घरच्या मैदानावर जिंकणें आणि परक्या मैदानावर जिंकणें या दोन निराळ्या विद्या आहेत. घरीं गवत ओळखीचें असतें, चेंडू ओळखीचा असतो, प्रेक्षकांचा गजर आपल्या बाजूचा असतो आणि पंचाच्या कानांवर पडतो तोहि तोच गजर. परक्या गांवीं यांतलें कांहींच आपलें नसतें. त्यांतून प्रतिपक्ष जर अंगापिंडानें दांडगा, धक्क्याला न भिणारा आणि चेंडू मिळतांच तो लांब उडवून सरळ गोलावर चालून जाणारा असेल, तर पाहुण्यांपुढें मोठाच प्रश्न उभा राहतो. जशास तसें म्हणून आपणहि अंगावर जावें, कीं सगळ्यांनीं गोलापुढें दाटी करून वेळ काढीत बसावें? बहुतेक संघ या दोहोंपैकीं एक वाट धरतात आणि बहुधा हरतात. तिसरीहि एक वाट आहे. ती एका सामन्यांत जगाला दिसली. ती कोणीं आंखली आणि तिचें मूळ कोठें होतें, हें आज सांगावयाचें आहे.

तारीख २५ नोव्हेंबर १९५३, वार बुधवार. स्थळ लंडनचें वेंब्ली मैदान. यजमान इंग्लंड, पाहुणा हंगेरी. प्रेक्षक एक लाखाच्या वर. निकाल: हंगेरी ६, इंग्लंड ३. या आंकड्यांचें महत्त्व समजण्यासाठीं एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. युरोप खंडावरील एकाहि राष्ट्रानें तोंवर इंग्लंडला इंग्लंडच्या भूमीवर हरविलें नव्हतें. १९४९ सालीं आयर्लंडच्या संघानें लिव्हरपूल येथें २-० असा विजय मिळविला होता हें खरें. परंतु त्या संघांतील बहुतेक गडी इंग्रजी क्लबांतूनच खेळणारे, म्हणून इंग्रजांनीं तो पराभव घरांतल्या घरांत जिरवून टाकिला. खंडावरील संघ आपल्याकडे यावे, नाजूक खेळ दाखवावा, टाळ्या घ्याव्या आणि हरून परत जावें, अशी जणूं रीतच पडून गेली होती.

ती रीत ज्या खेळाच्या जोरावर टिकली, त्या खेळाची घडण थोडी पाहिली पाहिजे. १९२५ सालापर्यंत ऑफसाइडचा नियम असा होता कीं, चेंडू घेऊं पाहणारा खेळाडू आणि प्रतिपक्षाची गोलरेषा यांच्या दरम्यान निदान तीन विरोधी गडी असले पाहिजेत. त्या वर्षीं तिनाचे दोन केले. लगेच गोलांचा वर्षाव होऊं लागला. त्यावर तोड म्हणून आर्सेनल क्लबाच्या हर्बर्ट चॅपमन यानें मधल्या फळींतील सेंटर हाफ मागें ओढला आणि दोन बॅकांच्या मध्यें उभा केला. पुढें पांच गड्यांची आकृति इंग्रजी ‘डब्ल्यू’ अक्षरासारखी आणि मागें पांचांची ‘एम्’सारखी दिसूं लागली. या रचनेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे कोणाचें काम काय याबद्दल संशय राहत नाहीं. प्रत्येकाला आपला एक जोडीदार प्रतिपक्षांत नेमून दिलेला. पांच नंबरच्या गड्यानें नऊ नंबरच्याला धरावयाचें, दोन नंबरच्यानें अकराला. कुस्तीच्या आखाड्यांत जोडी लावावी तशी ही जोडी. मग ज्याचें अंग बळकट, ज्याची छाती मोठी आणि चिखलांतहि ज्याचा पाय रोवलेला राहील, तो आपली जोडी मारतो. चेंडू मिळाला कीं तो दूर विंगरकडे फेंकावा, विंगरनें गोलासमोर उंच टाकावा आणि सेंटर फॉरवर्डनें डोकें आणि खांदा घेऊन गोलकीपरवर तुटून पडावें. चेंडू हातांत धरलेल्या गोलकीपरला खांद्यानें धक्का देणें इंग्लंडांत त्या वेळीं नियमाला धरून होतें. खंडावरील लोक मात्र त्या धक्क्याला दांडगाई म्हणत.

हा खेळ आपल्या लोकांना अपरिचित नव्हता. मुंबईच्या रोव्हर्स चषकाचे सामने १८९१ सालीं सुरू झाले आणि पहिलीं कित्येक वर्षें तो चषक गोऱ्या पलटणींच्याच हातांत फिरत राहिला. अशाच एका पलटणीशीं, ईस्ट यॉर्कशायरशीं, कलकत्त्यास १९११ सालीं मोहनबागानची गांठ पडली. आय्. एफ्. ए. शील्डच्या त्या अंतिम सामन्यांत मोहनबागाननें २-१ असा विजय मिळविला, तेव्हां त्यांच्या अकरांपैकीं दहा गडी अनवाणी होते. बूट घातलेल्या सोल्जराशीं अनवाणी पायानें धक्काबुक्की कोण करील? तेथेंहि वेग आणि चुकवाचुकवी यांनींच काम केलें. परंतु तो विजय हिंदुस्थानच्या भूमीवर झाला. आपला विषय आहे तो पाहुण्यानें यजमानाच्या वाड्यांत शिरून मिळविलेल्या विजयाचा.

इंग्रजांना सूचना मिळाल्या नव्हत्या असें नाहीं. १९४५ च्या नोव्हेंबरांत मॉस्कोचा डायनॅमो संघ ब्रिटनच्या दौऱ्यावर आला. त्यानें चेल्सीशीं ३-३ अशी बरोबरी केली, कार्डिफचा १०-१ असा धुव्वा उडविला, दाट धुक्यांत आर्सेनलला ४-३ असें हरविलें आणि ग्लासगोच्या रेंजर्सशीं २-२ अशी बरोबरी करून एकहि सामना न गमावतां तो परत गेला. त्या संघाचे गडी आपापल्या जागीं थांबत नाहींत, हें पाहणाऱ्यांना तेव्हांच दिसलें होतें. पुढें १९५० सालीं ब्राझीलमधील विश्वचषकांत इंग्लंडला अमेरिकेनें १-० असें हरविलें. १९५३ च्या ऑक्टोबरांत वेंब्लीवरच खंडावरील निवडक खेळाडूंच्या संघाशीं इंग्लंडची ४-४ अशी बरोबरी झाली, ती देखील शेवटच्या घटकेला मिळालेल्या पेनल्टीनें. प्रत्येक वेळीं कांहीं ना कांहीं निमित्त सांपडलें. धुकें होतें, प्रवास लांबचा होता, नशीब फिरलें होतें. शाळेंत असतांना मीं अशीं निमित्तें नापास मुलांच्या तोंडून पुष्कळ ऐकलीं आहेत.

त्या ऑक्टोबरच्या सामन्याला प्रेक्षकांत एक हंगेरियन गृहस्थ बसला होता. गुस्ताव शेबेश हें त्याचें नांव. हा हंगेरीच्या क्रीडाखात्याचा उपमंत्री आणि राष्ट्रीय संघाचा सूत्रधार. तरुणपणीं यानें पॅरिसला रेनॉ मोटारींच्या कारखान्यांत काम केलेलें होतें. त्याचा संघ १९५० च्या मे महिन्यापासून अजिंक्य होता आणि १९५२ सालीं हेलसिंकी येथें ऑलिंपिकचें सुवर्णपदक जिंकून आला होता. (त्याच हेलसिंकीस आपला अनवाणी संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला आणि त्या युगोस्लाव्हियाला अंतिम सामन्यांत हंगेरीनें २-० असें हरविलें, यावरून अंतराचा अंदाज यावा.) एवढी कीर्ति असतांना दुसरा एखादा सूत्रधार स्वस्थ बसता. शेबेश सामना पाहून झाल्यावर वेंब्लीच्या गवतावर स्वतः उतरला. त्यानें मैदानाची लांबीरुंदी मोजली, चेंडू टाकून तो किती उसळतो तें पाहिलें. इंग्लंडचा चेंडू खंडावरील चेंडूपेक्षां अधिक जड आणि कठीण. इंग्लिश फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस स्टॅन्ले रौस यांच्याकडून त्यानें तसले चेंडू मागून घेतले आणि बुडापेस्टला नेले. तेथें वेंब्लीच्या मापाच्या मैदानावर, त्याच चेंडूनें सराव सुरू झाला.

सरावाचें फळ प्रथम वाईटच दिसलें. वेंब्लीच्या सामन्यास दहा दिवस उरले असतांना, १५ नोव्हेंबरला, स्वीडनच्या संघानें बुडापेस्टला येऊन हंगेरीशीं २-२ अशी बरोबरी साधली. त्या स्वीडिश संघाचा शिक्षक जॉर्ज रेनर हा एक इंग्रजच होता. दुसरा कोणी असता तर घाबरून संघ बदलता, नाहीं तर बचावाची भाषा बोलूं लागता. शेबेशनें बेत बदलला नाहीं. संघ आगगाडीनें निघाला, वाटेंत पॅरिसला थांबला आणि तेथें त्या रेनॉ कारखान्याच्याच कामगारांच्या संघाशीं एक सरावाचा सामना खेळून लंडनला पोंचला. मोठ्या सामन्याच्या तोंडावर खेळाडूंच्या पायांना सोप्या विजयाची चव लागावी, हा त्यांतला हेतु उघड आहे.

आतां मुख्य डावपेंचाकडे वळूं. इंग्रजी रचनेचा कणा म्हणजे पांच नंबरचा सेंटर हाफ. तो प्रतिपक्षाच्या नऊ नंबरला धरून असतो. मग आपल्या नऊ नंबरच्या गड्यानें तेथें उभेंच राहूं नये, तर काय होईल? हा विचार प्रथम बुडापेस्टच्या एम्. टी. के. क्लबाचा शिक्षक मार्टोन बुकोवी याच्या डोक्यांत आला. त्याच्या हातीं धिप्पाड सेंटर फॉरवर्ड उरला नाहीं, तेव्हां त्यानें त्या जागेचा गडी मागें घेऊन चेंडू वांटणारा केला. राष्ट्रीय संघांत हें काम आधीं पलोताश करी. १९५२ सालीं स्वित्झर्लंडविरुद्ध संघ दोन गोलांनीं मागें असतांना त्याच्या जागीं नांदोर हिदेगकुटी आला आणि सामना ४-२ असा फिरला. तेव्हांपासून ती जागा हिदेगकुटीची झाली. वेंब्लीच्या वेळीं त्याचें वय ३१ होतें. शरीर बेताचें, पण नजर अशी कीं कोणता गडी कोठें जाणार आहे हें त्या गड्याच्या आधीं त्याला कळावें.

त्याच्या पुढें दोन बाजूंस दोन आंतले फॉरवर्ड, पुश्काश आणि कोचिश, हेच खरे भाले. कोचिशला हवेंतला चेंडू डोक्यानें असा मारतां येई कीं पायानेंहि इतरांना तसा मारतां येऊं नये. पुश्काश बुटका, अंगानें थोडा भरलेला आणि जवळजवळ एकट्या डाव्या पायाचा. परंतु त्या एका पायाला दोन पायांची किंमत होती. विंगर बुदाई आणि त्सिबोर हेहि आपल्या कडेला चिकटून राहत नसत. ते मागें येत, आंत शिरत, प्रसंगीं बाजू बदलत. त्यामुळें इंग्रज बॅकांना आपले जोडीदार शोधीत फिरावें लागे. या सर्वांच्या मागें बोझिक, ज्याच्या पायांतून निघालेला चेंडू चाळीस यार्डांवर नेमका जाऊन पडे. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. हंगेरीचा संघ केवळ आंखूड पासांनीं खेळत असे, असें सांगितलें जातें. तें खरें नाहीं. लांब पास ते भरपूर वापरीत. इंग्रजांचा लांब पास ‘पुढें कोणीतरी झगडेल’ या भरंवशावर जाई. हंगेरियनांचा लांब पास जेथें आपला गडी मोकळा उभा आहे किंवा पोंचणार आहे तेथें जाई. हत्यार एकच, हात निराळे.

बचावाची बाजू याहून कमी सांगितली जाते, आणि माझ्या मतें आडदांड संघाविरुद्धच्या सामन्यांत तीच अधिक शिकण्यासारखी आहे. उंचावरून येणाऱ्या चेंडूसाठीं मधल्या बॅकानें, म्हणजे लोरांतनें, एकट्यानें झगडावयाचें नाहीं. डावा हाफ झकारियाश मागें सरकून त्याच्या शेजारीं उभा राही, म्हणजे बॅक तीनाचे चार होत. गोलकीपर ग्रोशिच गोलाच्या चौकटींत अडकून पडत नसे. बॅकांच्या पाठीमागें लांब चेंडू पडतांच तो आपलें क्षेत्र सोडून धांवत येई आणि पायानें तो दूर करी. अर्थात् लांब उडविलेल्या चेंडूला पहिल्यानें लोरांत, मग झकारियाश आणि शेवटीं ग्रोशिच असे तीन अडसर लागत. उजव्या बाजूनें इंग्लंडचा जगप्रसिद्ध स्टॅन्ले मॅथ्यूज येणार. तेव्हां वय ३८, पण त्याच वर्षाच्या मे महिन्यांत ब्लॅकपूलला एफ्. ए. चषक मिळवून देणारा तोच. त्याच्यासमोर बळकट लांतोश होताच आणि मदतीला आणखी एकजण असे. परंतु सर्वांत मोठा बचाव म्हणजे चेंडू स्वतःजवळ ठेवणें. ज्याच्याकडे चेंडूच पोंचत नाहीं तो मॅथ्यूज काय करणार, आणि समोर कोणी स्थिर उभाच नाहीं तर खांदा मारावयाचा कोणाला? शाळेच्या मैदानावर मी लहानखुऱ्या मुलांना हेंच सांगत असें कीं, मोठ्या मुलाशीं तूं चेंडूसाठीं भांडूं नकोस, तो येण्याआधीं चेंडू दे आणि स्वतः तेथून नीघ. मुलांना हें कळतें, पण धक्का बसेपर्यंत पटत नाहीं.

सामन्यापूर्वीची एक गोष्ट इंग्लंडचा कप्तान बिली राइट यानें पुढें स्वतःच सांगितली आहे. हंगेरियनांच्या पायांत घोट्याच्या खालीं कापलेले हलके बूट होते. ते पाहून राइट आपल्या सोबत्याला, मॉर्टेन्सनला, म्हणाला कीं यांच्याकडे नीटसें सामानहि नाहीं, आज आपल्याला चिंता नको. इंग्रजी बूट घोट्यापर्यंत उंच आणि पुढें टणक. चिखलाचे आणि धक्क्याचे बूट ते.

डच पंच लिओ हॉर्न यानें शिटी वाजविली आणि पहिल्या मिनिटाच्या सुमारासच पहिला गोल झाला. बोझिककडून चेंडू घेऊन हिदेगकुटी पुढें आला. इंग्लंडचा सेंटर हाफ हॅरी जॉन्स्टन त्याच्यावर जावें कीं न जावें या विचारांत मागें राहिला. हिदेगकुटीनें एक हुलकावणी दिली आणि पेनल्टी क्षेत्राच्या कडेवरून चेंडू जाळ्याच्या वरच्या भागांत मारला. सुमारें पंधरा मिनिटांनीं ज्यूएलनें मॉर्टेन्सनच्या पासावर बरोबरी केली, आणि त्या घटकेला इंग्रज प्रेक्षकांस वाटलें असेल कीं गाडी रुळावर आली. परंतु विसाव्या मिनिटाला पुन्हां हिदेगकुटी. मग तो गोल, ज्याची चित्रें आजहि दाखविलीं जातात. डावा विंगर त्सिबोर त्या वेळीं होता कोठें? उजव्या कडेला! तेथून त्यानें चेंडू आंत पुश्काशकडे दिला. राइट सर्व वजनानिशीं घसरत आला. पुश्काशनें बुटाच्या तळानें चेंडू अलगद मागें ओढला. राइट रिकाम्या जागेवरून पुढें निघून गेला. आणि पुश्काशनें जवळच्या खांबाच्या आंतून चेंडू जाळ्यांत घातला. लंडनच्या ‘टाइम्स’च्या वार्ताहरानें राइटच्या त्या धांवेला, आग एकीकडे आणि आपण भलतीकडेच धांवत सुटलेल्या बंबाची उपमा दिली. राइट हा कांहीं सामान्य गडी नव्हे. इंग्लंडतर्फे शंभर सामने खेळणारा तो पुढें पहिला खेळाडू ठरला. तो चुकला असें म्हणण्यापेक्षां, त्याला जें शिकविलें होतें तें त्यानें पूर्ण इमानानें केलें असें म्हणणें न्यायाचें होईल.

सत्ताविसाव्या मिनिटाला बोझिकच्या फ्री किकवर पुश्काशच्या टांचेला लागून चौथा गोल झाला. अर्ध्या तासाच्या आंत ४-१! मॉर्टेन्सननें अर्धी वेळ होण्यापूर्वीं एक गोल फेडला, पण दुसरा अर्धा सुरू होतांच बोझिकनें दुरून पांचवा आणि थोड्याच वेळांत पुश्काशनें उचलून दिलेल्या चेंडूवर हिदेगकुटीनें अधांतरीं फटका मारून सहावा गोल केला. इंग्लंडचा तिसरा गोल उजवा बॅक रॅम्से यानें पेनल्टीवर केला. ती पेनल्टी मिळाली डावा विंगर रॉब याला पाडल्यामुळें. जातां जातां सांगतों, हा जॉर्ज रॉब शाळामास्तर होता. देशातर्फे त्याचा पहिला आणि शेवटचा पूर्ण आंतरराष्ट्रीय सामना तोच.

हॅरी जॉन्स्टनची अवस्था त्या दिवशीं मोठी करुण झाली. हिदेगकुटीच्या पाठोपाठ मैदानाच्या मध्यापर्यंत गेला तर मागें जें खिंडार पडे त्यांतून पुश्काश आणि कोचिश घुसत. जागेवर राहिला तर हिदेगकुटीला चेंडू घेऊन विचार करावयास वाटेल तितका अवधि मिळे. त्यांतून हंगेरियनांचे नंबरहि उलटेसुलटे: पांच नंबर हाफ बोझिकच्या पाठीवर, मधल्या बॅकाच्या पाठीवर तीन! नंबर पाहून माणूस धरण्याची ज्यांची आयुष्यभराची संवय, त्यांचा गोंधळ किती उडाला असेल! दोष एकट्या जॉन्स्टनचा नव्हे. हिदेगकुटीला कोणीं धरावें हा प्रश्न सामन्याआधीं बसून सोडवावयाचा होता. इंग्लंडचा शिक्षक वॉल्टर विंटरबॉटम हा विचारी आणि विद्वान माणूस; पण संघ निवडणें त्याच्या हातांत नव्हतें, तें निवडसमितीच्या हातांत होतें. तिकडे हंगेरीच्या अकरांपैकीं बहुतेक जण लष्कराच्या होनवेद आणि एम्. टी. के. या दोनच क्लबांतले. वर्षानुवर्षें एकत्र जेवलेले, एकत्र खेळलेले. सरकारनें ते तेथें हुकुमानें गोळा केले होते, हेंहि सांगितलें पाहिजे. स्वतंत्र देशांत तसें करतां येत नाहीं आणि येऊंहि नये. पण खेळापुरता त्याचा लाभ त्यांना झाला, हें नाकारून चालणार नाहीं.

आतां या विद्येचें मूळ. सामना पाहावयास आलेल्या लोकांत जिमी होगन नांवाचा ७१ वर्षांचा एक इंग्रज होता. ॲस्टन व्हिला क्लबाच्या लहान मुलांना तो त्या वेळीं शिकवीत असे आणि त्यांतल्या कांहींना घेऊन तो वेंब्लीला आला होता. लँकाशायरमधल्या नेल्सन गांवचा हा माणूस. फुलम क्लबांत असतांना तेथल्या स्कॉटिश खेळाडूंपासून त्यानें चेंडू जमिनीवर ठेवून एकमेकांस देण्याची रीत उचलली. ही स्कॉटिश रीत फार जुनी. ३० नोव्हेंबर १८७२ रोजीं ग्लासगोजवळ पार्टिक येथें जगांतला पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, त्यांत स्कॉटलंडचे सर्व गडी क्वीन्स पार्क या एकाच क्लबाचे होते. इंग्रज वजनानें भारी. तरी सामना ०-० असा सुटला. वजनाला उत्तर म्हणून चेंडू वांटून खेळणें, हा उपाय तेव्हांपासूनचा आहे.

होगननें तो उपाय खंडावर नेला. १९१० सालीं हॉलंडमध्यें, मग व्हिएन्नास. तेथें असतांना १९१४ चें महायुद्ध पेटलें, आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला अटक झाली. सुटका झाली ती बुडापेस्टच्या एम्. टी. के. क्लबाच्या एका वजनदार माणसाच्या खटपटीनें, आणि युद्धाचीं वर्षें त्यानें त्या क्लबाच्या मुलांना खेळ शिकविण्यांत घालविलीं. युद्धानंतर हा मायदेशीं परतला आणि मदतीसाठीं फुटबॉल असोसिएशनकडे गेला, तेव्हां त्याच्या हातांत खाकी मोज्यांचे जोड ठेवण्यांत आले, असें तो पुढें सांगत असे. सूचना उघड होती: मुलें खंदकांत मरत असतां तूं कोठें होतास? त्यानंतर इंग्लंडमध्यें त्याचा जीव फारसा रमला नाहीं. १९३४ सालीं फुलमनें त्याला बोलाविलें, पण मुरलेल्या खेळाडूंना कोणी शिकवावें हेंच तेथें रुचलें नाहीं. थोड्याच महिन्यांत त्याला जावें लागलें. वेंब्लीचा सामना संपल्यावर शेबेशनें उघड सांगितलें कीं आम्ही होगननें शिकविल्याप्रमाणें खेळलों आणि आमच्या फुटबॉलच्या इतिहासांत त्याचें नांव सोन्याच्या अक्षरांनीं लिहावें लागेल. इंग्लंडांत कित्येकांना हें ऐकून राग आला, होगननें घरची विद्या परक्यांना विकली म्हणून. ज्यांनीं ती घरीं फुकटहि घेतली नाहीं, त्यांनीं हा राग धरावा हें मला तरी नवलाचें वाटतें.

सहा महिन्यांनीं, २३ मे १९५४ रोजीं, परतीचा सामना बुडापेस्टला झाला. इंग्लंडच्या निवडसमितीनें माणसें बदललीं. वेंब्लीच्या अकरांपैकीं चारच उरले. खेळाची पद्धति मात्र तीच राहिली. हंगेरीनें ७-१ असा विजय मिळविला.

तरीहि या डावपेंचाला तोड नव्हती असें समजूं नये. त्याच वर्षीं ४ जुलैस बर्न येथें विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत, पावसानें भिजलेल्या मैदानावर, पश्चिम जर्मनीनें हंगेरीला ३-२ असें हरविलें. जर्मनांचा शिक्षक झेप हेर्बेर्गर यानें जॉन्स्टनचा पेंच आधींच सोडविला होता. सेंटर हाफ लीब्रिख जागेवर ठेविला आणि हिदेगकुटीच्या मागें मागें फिरण्याचें काम हाफ एकेल याला लावून दिलें. पुश्काश दुखऱ्या पायानें खेळत होता आणि पहिले दोन गोल हंगेरीनेंच केले होते, या गोष्टीहि सांगितल्या पाहिजेत. पण उत्तर तर सांपडलें होतें.

वेंब्लीच्या त्या संघांतील सहा इंग्रज पुन्हां देशातर्फे कधींच खेळले नाहींत. रॅम्से हा त्यांतला एक. पुढें १९६६ सालीं इंग्लंडनें विश्वचषक जिंकला तेव्हां संघाचा सूत्रधार तोच होता. आणि मँचेस्टर सिटी या क्लबानें हिदेगकुटीची जागा जशीच्या तशी उचलली. १९५४ पासून त्यांचा नऊ नंबरचा गडी डॉन रेव्ही मागें राहून खेळूं लागला. १९५५ सालच्या चषकाच्या अंतिम सामन्यांत ते न्यूकॅसलकडून ३-१ असे हरले; पुढच्या वर्षीं त्याच वेंब्लीवर त्यांनीं बर्मिंगहॅमला ३-१ असें हरविलें. त्या सामन्यांत सिटीचा गोलकीपर ट्राउटमन मान मोडलेली असतां शेवटपर्यंत खेळत राहिला, परंतु ती कथा सांगावयाची तर स्वतंत्र भाषण लागेल.